जुन्या घरी जायचं, पण सामान आणायला!

मुलांनो, आज सुरुवात एका कोड्याने करू या.

खूप वर्षांपूर्वी कोणीतरी कॉम्प्युटरवर 'कमल' हा शब्द लिहून ठेवला. परवा तीच फाइल नव्या कॉम्प्युटरवर उघडली, तर 'कमल' कुठेच नाही! त्या जागी डी, ई आणि वाय अशी तीन इंग्रजी अक्षरं. फाइल तीच आहे. त्यातलं एकही अक्षर कोणी खोडलं नाही, कोणी बदललं नाही. मग आपलं 'कमल' गेलं कुठे?

विचार करून ठेवा. उत्तर थोड्या वेळाने सांगणार आहे.

पण हे कोडं नुसतं गमतीचं नाही, बरं का! १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत मराठी छपाई हळूहळू कॉम्प्युटरवर आली. पुण्या-मुंबईत आली, तशी आपल्या आर्णीसारख्या तालुक्याच्या गावांतही आली. लग्नपत्रिका, उरुसाची आणि गणेशोत्सवाची पत्रकं, शाळेची स्मरणिका, कोणाच्या आजोबांच्या आठवणी, कोणाच्या आत्याच्या कविता, सगळं कॉम्प्युटरवर टाइप व्हायला लागलं. त्यातलं काही छापलं गेलं. काही नुसतंच फाइलमध्ये राहिलं. आज ती फाइल उघडायला गेलं, तर तिचंही 'डी-ई-वाय' झालेलं असतं.

मग कोणीतरी म्हणतं, "आपण जुन्या सिस्टीमवर परत जाऊ या!" दुसरं कोणी म्हणतं, "छे! नवं सोडून जुन्याकडे कोण जातं?" यात खरं कोणाचं? तेच आज बघायचं आहे.

खिडकीतला नियंत्रक

आधी ही 'सिस्टीम' म्हणजे काय, ते समजून घेऊ.

आपलं एस.टी. स्टँड डोळ्यांसमोर आणा. यवतमाळहून एक गाडी आत शिरते आहे. माहूरची सुटायच्या बेतात आहे. दिग्रसला जाणारे लोक पिशव्या सांभाळत बसले आहेत. प्रत्येक गाडीला स्वतःचा चालक आहे, वाहक आहे. तरीसुद्धा कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागेल आणि कोणती आधी सुटेल, हे ठरवायला खिडकीत एक माणूस बसलेला असतो. तो म्हणजे वाहतूक नियंत्रक. तो नसेल तर काय होईल? सगळ्या गाड्या एकाच फलाटावर घुसतील आणि नुसते भोंगे वाजत राहतील!

कॉम्प्युटरमधला असा नियंत्रक म्हणजे 'ऑपरेटिंग सिस्टीम'. मराठीत तिला कार्यप्रणाली म्हणतात. तुम्ही दाबलेली कळ कोणत्या प्रोग्रामला द्यायची, तुमचं चित्र डिस्कवर कुठे ठेवायचं, प्रिंटरने कागद केव्हा ओढायचा, हे सगळं ती पाहते. १९८१ साली आलेली एम.एस. डॉस ही अशीच एक कार्यप्रणाली होती. काळा पडदा आणि त्यावर टाइप करायच्या आज्ञा, एवढाच तिचा थाट. मग १९९५ साली विंडोज ९५ आली, २००१ साली विंडोज एक्सपी, २००९ साली विंडोज ७, २०१५ साली विंडोज १० आणि २०२१ साली विंडोज ११. लिनक्स नावाची एक कार्यप्रणालीही आहे, ती फुकट मिळते. तुमच्या घरच्या मोबाइलमधली अँड्रॉइड लिनक्सच्याच पायावर उभी आहे.

आता समजा, स्टँडवर नवे नियंत्रक आले आणि त्यांनी फलाटांचे सगळे क्रमांकच बदलले. वीस वर्षं त्याच मार्गावर गाडी चालवणारा चालक जुन्या सवयीने तीन नंबरवर जाईल आणि तिथे भलतीच गाडी उभी असेल. दोष चालकाचाही नाही, नियंत्रकाचाही नाही. दोघांचा मेळ राहिला नाही, एवढंच. जुने प्रोग्राम नव्या कार्यप्रणालीवर अडतात, ते असंच. डॉस आणि विंडोज ३.१ च्या काळातले बरेच प्रोग्राम १६ बिटांचे होते. ६४ बिटांच्या विंडोजवर ते चालतच नाहीत. आणि विंडोज ११ तर फक्त ६४ बिटांचीच मिळते.

मागे फिरणारे सगळे अडाणी नव्हते

"जुन्याकडे परत जाणारा माणूस मागासलेला," असं काही जणांना वाटतं. पण एक खरी गोष्ट ऐका.

३० जानेवारी २००७ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज व्हिस्टा बाजारात आणली. दिसायला मोठी देखणी! पण तिला कॉम्प्युटर दणकट लागायचा. विंडोज एक्सपी कमीत कमी ६४ एम.बी. मेमरीवर चालायची. व्हिस्टाला कमीत कमी ५१२ एम.बी. हवी. म्हणजे किती पट? आठ पट! शिवाय अनेकांचे जुने प्रिंटर आणि स्कॅनर तिला ओळखू येईनात. प्रत्येक यंत्राची भाषा कार्यप्रणालीला समजावून सांगणारा एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला 'ड्रायव्हर' म्हणतात. या जुन्या यंत्रांचे व्हिस्टासाठीचे ड्रायव्हर तयारच नव्हते.

मग काय झालं? लोक आणि कंपन्या परत एक्सपीकडे वळल्या. एप्रिल २००७ मध्ये डेल या कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीने काही घरगुती कॉम्प्युटरवर एक्सपी पुन्हा द्यायला सुरुवात केली. खुद्द मायक्रोसॉफ्टनेही व्हिस्टाच्या काही आवृत्त्या विकत घेणाऱ्यांना कायदेशीररीत्या एक्सपीवर जाण्याची सोय ठेवली होती. पुढे २०१२ साली विंडोज ८ आली आणि तिच्या पडद्यावरून कोपऱ्यातलं 'स्टार्ट' बटणच नाहीसं झालं. लोकांनी इतकी कुरकुर केली, की २०१३ च्या विंडोज ८.१ मध्ये ते बटण परत आणावं लागलं.

तेव्हा मुलांनो, नवं आलं की डोळे मिटून घ्यायचं, असं काही नाही. आपलं काम नीट होतं का, हे विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे. आपल्या शेतकऱ्यांचंच बघा ना. बाजारात नवं बियाणं आलं म्हणून कोणी सगळ्या वावरात एकदम तेच लावत नाही. चार ओळी लावून बघतात, मग ठरवतात.

गणिताच्या शौकिनांसाठी एक उदाहरण. विंडोज ११ ला कमीत कमी ४ जी.बी., म्हणजे ४०९६ एम.बी. मेमरी लागते. एक्सपीला लागायची ६४ एम.बी. भागाकार करून बघा. उत्तर ६४ च येतं!

आता कोड्याचं उत्तर

आपलं 'कमल' अजून हरवलेलंच आहे. चला, त्याला शोधू या.

कॉम्प्युटरला अक्षरं कळत नाहीत. त्याला फक्त आकडे कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो, वर्गाच्या हजेरीपटावर तुमचा असतो तसा. सुरुवातीला हे हजेरीपट लहान होते. त्यात जेमतेम २५६ जागा असायच्या आणि पहिल्या जागा इंग्रजी अक्षरांनी, आकड्यांनी अडवलेल्या. मराठीला बसायला वेगळा बाकच नव्हता!

मग आपल्याकडच्या हुशार लोकांनी युक्त्या काढल्या. आय.आय.टी. कानपूरमध्ये 'जिस्ट' नावाच्या तंत्राची सुरुवात झाली. पुढे पुण्याच्या 'सी-डॅक' या सरकारी संस्थेत ते वाढलं. हो, तीच सी-डॅक, जी १९८८ साली स्थापन झाली आणि जिने १९९१ साली डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. जिस्टचं कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवलं, की डॉसच्या काळ्या पडद्यावरही देवनागरी उमटायची. १९९१ साली भारतीय भाषांसाठी 'इस्की' नावाचं एक प्रमाणही ठरलं. पण छपाईच्या बाजारात वेगवेगळ्या कंपन्यांचे फाँट चालू राहिले. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव ही नावं तुमच्या गावातल्या टायपिंगवाल्या काकांना विचारा, त्यांना ती तोंडपाठ असतील.

या फाँटची युक्ती गमतीची होती. फाइलमध्ये इंग्रजी अक्षराचाच क्रमांक ठेवायचा, पण पडद्यावर चित्र मात्र मराठी अक्षराचं काढायचं! कृतिदेव फाँटमध्ये १०० क्रमांकावर इंग्रजी 'डी' ऐवजी 'क' चं चित्र आहे. १०१ वर 'ई' ऐवजी 'म'. आणि १२१ वर 'वाय' ऐवजी 'ल'. म्हणून १००, १०१, १२१ हे आकडे कृतिदेवचा चष्मा घालून बघितले, की दिसतं 'कमल'. चष्मा काढला, की दिसतं डी-ई-वाय.

सापडलं ना उत्तर? 'कमल' कुठेच गेलेलं नव्हतं. आपला चष्मा हरवला होता!

त्यातही घोटाळा असा, की प्रत्येक कंपनीचा चष्मा वेगळा. एका फाँटमधला 'क' दुसऱ्या फाँटमध्ये भलतंच अक्षर व्हायचा. या गोंधळावर उपाय म्हणजे युनिकोड. जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी एकच मोठा हजेरीपट! त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि तिच्यात देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा मिळाल्या. युनिकोडमध्ये 'क' चा क्रमांक २३२५, 'म' चा २३५० आणि 'ल' चा २३५४. आर्णीत बघा, अमेरिकेत बघा, मोबाइलवर बघा, २३२५ म्हणजे 'क' च. विंडोजमध्ये देवनागरीची ही सोय पहिल्यांदा आली ती विंडोज २००० मध्ये. पण हातातलं काम चालू होतं, सवय जुनी होती. म्हणून त्यानंतरही कितीतरी वर्षं लोक जुन्या फाँटमध्येच टाइप करत राहिले.

परत जायचे रस्ते

आता समजा, तुमच्या घरच्या किंवा शाळेच्या कपाटात एक फ्लॉपी सापडली. तिच्यावर पेनाने लिहिलंय, 'स्मरणिका, अंतिम'. काय कराल?

पहिला रस्ता सर्वांत सोपा. फाइल साधी असेल आणि नुसता फाँटच हरवला असेल, तर तो फाँट नव्या कॉम्प्युटरवर बसवून बघा. बऱ्याचदा तेवढ्यानेच मराठी अक्षरं परत दिसतात. मग मागे जायची गरजच नाही.

पण नेहमी इतकं सोपं नसतं. त्या काळी पुस्तकांची, पत्रिकांची मांडणी 'पेजमेकर' मध्ये व्हायची. पेजमेकरची शेवटची, म्हणजे ७.० ही आवृत्ती २००१ साली आली. तिची फाइल आजचे प्रोग्राम सहसा उघडत नाहीत. शिवाय मराठीच्या काही सॉफ्टवेअरबरोबर एक छोटं 'कुलूप' यायचं. कॉम्प्युटरच्या मागे, प्रिंटर जोडायच्या खोबणीत ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालायचंच नाही. आजच्या लॅपटॉपला ती खोबणच नसते! अशा वेळी जुन्या सिस्टीमकडे जावंच लागतं.

दुसरा रस्ता म्हणजे जुना कॉम्प्युटर जिवंत करणं. पोत्याखाली, माळ्यावर पडलेला एखादा विंडोज ९८ चा कॉम्प्युटर अजून सुरू होऊ शकतो. सुरू झाल्यावर त्याने भलतीच तारीख दाखवली, तर घाबरू नका. आतला नाण्याएवढा सेल संपलेला असतो, म्हणून त्याला तारीख आठवत नाही. विंडोज ९८ साधा पेनड्राइव्हसुद्धा ओळखत नाही, त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागतो. त्यापेक्षा दुरुस्तीवाल्या काकांकडून जुनी हार्ड डिस्क काढून ती अडॅप्टरने नव्या कॉम्प्युटरला जोडता येते. मात्र एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. पेटीसारख्या जुन्या मॉनिटरचं झाकण तुम्ही कधीही उघडायचं नाही. बंद असला, तरी त्याच्या आत धोकादायक वीज साठलेली असू शकते.

तिसरा रस्ता जादूचा वाटेल असा आहे. नव्या कॉम्प्युटरच्या आतच एक खोटा, जुना कॉम्प्युटर तयार करायचा! त्याला 'आभासी यंत्र' म्हणतात. 'व्हर्च्युअलबॉक्स' नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम हे काम करतो. त्याच्या चौकटीत विंडोज एक्सपी चालते, आणि तिला वाटतं, आपण खऱ्याच कॉम्प्युटरवर आहोत! डॉसच्या काळातले प्रोग्राम आणि खेळ चालवायला 'डॉसबॉक्स' आहे, तोही फुकट. बाहेरचा कॉम्प्युटर नवाच राहतो. काम झालं, की चौकट बंद. आमच्या वर्गात हे सांगितलं, की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला, "बाई, त्या खोट्या कॉम्प्युटरमध्ये आणखी एक खोटा कॉम्प्युटर करता येतो का?" करता येतो. पण मग तो गोगलगायीसारखा चालतो!

आणि ज्यांनी नुकतंच विंडोज १० वरून ११ वर पाऊल टाकलं आहे, त्यांच्यासाठी एक वेगळी सोय आहे. पहिले १० दिवस जुनी विंडोज एका फोल्डरमध्ये जपून ठेवलेली असते. 'सेटिंग्ज' मधल्या 'रिकव्हरी' भागात जाऊन तेवढ्या मुदतीत परत फिरता येतं. १० दिवस उलटले, की ती सोय बंद. मग जुनी विंडोज कोरी टाकावी लागते आणि त्यात डिस्कवरचं सगळं पुसलं जाऊ शकतं. म्हणून रस्ता कोणताही असो, आधी आपल्या फाइलींची दुसरी प्रत करून ती वेगळ्या ठिकाणी ठेवा. प्रत झाल्याशिवाय एकही बटण दाबू नका!

तिथे मुक्काम नको

"मग आपण जुन्याच सिस्टीमवर कायमचं राहिलं तर?" असं तुम्ही विचाराल. चांगला प्रश्न आहे.

आपल्या भागात पीक उभं असलं, की रोही आणि रानडुकरं येतात. म्हणून शेतकरी कुंपण घालतो आणि रोज एक चक्कर मारून कुठे भगदाड पडलंय का ते बघतो. कार्यप्रणालीलाही असं कुंपण असतं. त्यातली भगदाडं शोधून बुजवायचं काम ती बनवणारी कंपनी करते. आपण ज्याला 'अपडेट' म्हणतो ना, ती पुष्कळदा अशी बुजवलेली भगदाडंच असतात. पण काही वर्षांनी कंपनी सांगते, "आता या जुन्या कुंपणाकडे आम्ही बघणार नाही." विंडोज एक्सपीच्या बाबतीत ही तारीख होती ८ एप्रिल २०१४.

नुसतं बघणं थांबलं तर असा काय फरक पडतो? ऐका. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा एक दुष्ट प्रोग्राम जगभर पसरला. तो कॉम्प्युटरमध्ये शिरायचा, सगळ्या फाइलींना कुलूप लावायचा आणि पैसे मागायचा. दीडशेच्या आसपास देशांतले दोन लाखांहून अधिक कॉम्प्युटर त्याने पकडले. ब्रिटनमध्ये रुग्णालयांना हजारो रुग्णांच्या तपासण्या, भेटी आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. आणि गंमत म्हणजे, हा प्रोग्राम ज्या भगदाडातून शिरला, ते बुजवणारं अपडेट दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच आलेलं होतं! ज्यांनी ते लावलं नव्हतं आणि ज्यांच्या जुन्या सिस्टीमला ते मिळालंच नव्हतं, त्यांचं कुंपण उघडं राहिलं. शेवटी मायक्रोसॉफ्टने तीन वर्षांपूर्वी निरोप दिलेल्या एक्सपीसाठीसुद्धा तातडीने दुरुस्ती दिली.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, मुलांनो. जुन्या सिस्टीमकडे जरूर जावं. त्यात लाज कसली? पण जावं ते आपलं सामान आणायला. धरणात गाव गेलं, की माणसं जुन्या घरी जाऊन पाट्याचा दगड, देवघर, आजीची पितळी भांडी घेऊन येतात. पाणी चढत असताना तिथे झोपायला कोणी थांबत नाही. जुन्या सिस्टीमला इंटरनेट जोडू नका, तिच्यावर बँकेचं काम करू नका, तिच्यातून आलेली प्रत्येक फाइल विषाणूंसाठी तपासून घ्या. आणि काम झालं, की नव्या घरी परत या.

सामान उचलताना

फाइल उघडली, मराठी दिसलं. झालं का काम? नाही! खरं काम आता सुरू होतं. तो मजकूर युनिकोडमध्ये आणायचा आहे. त्यासाठी फाँट बदलून देणारे प्रोग्राम मिळतात, काही फुकटही आहेत. जुना मजकूर एका चौकटीत टाकायचा, बटण दाबायचं, दुसऱ्या चौकटीत युनिकोड तयार.

पण तो शंभर टक्के बरोबर येईल, अशा भरवशावर राहू नका. कारण सांगते. जुन्या टंकलेखन यंत्राप्रमाणे कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते. 'दिवा' लिहिताना आधी वेलांटी, मग 'द'. युनिकोडमध्ये उलट. आधी 'द', मग वेलांटी. रफाराचंही तसंच. 'सूर्य' मधला रफार जुन्या फाँटमध्ये शेवटी टाइप करतात, पण युनिकोडमध्ये आधी अर्धा 'र' आणि मग 'य'. या उलटापालटीत प्रोग्राम कधी कधी चुकतो. एखादी वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, एखादं जोडाक्षर तुटतं.

ते सुधारायला मराठी वाचणारं माणूसच लागतं. म्हणजे कोण? तुम्ही! छापलेली जुनी प्रत असेल, तर एकाने ती मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने पडद्यावर तपासायची. शुद्धलेखनाचा याहून चांगला अभ्यास मला तरी माहीत नाही. आणि घाई करायला हवी, बरं का! फ्लॉपीवरचा मजकूर म्हणजे चुंबकाच्या खुणा. त्या वर्षांगणिक फिक्या होतात, दमट हवेत तबकडीला बुरशी लागते. एका साध्या फ्लॉपीत जेमतेम १.४४ एम.बी. मावतं. मोबाइलवर काढलेला तुमचा एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. पण एखाद्या गावाचा अख्खा इतिहास मावू शकतो!

पालकहो, दोन शब्द तुमच्याशी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा फुकट सुरक्षा-पुरवठा थांबला. घरगुती वापरासाठी नोंदणी करणाऱ्यांना कंपनीने ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ देऊ केली. पण अनेक जुने कॉम्प्युटर विंडोज ११ घेत नाहीत, कारण तिला 'टी.पी.एम. २.०' नावाची सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. म्हणून घरातला चालता कॉम्प्युटर लगेच भंगारात देऊ नका. त्यावर लिनक्स टाकून मुलांचा अभ्यास, लेखन, चित्रकला छान चालते. सी-डॅकनेही लिनक्सवर आधारलेली 'बॉस' ही भारतीय कार्यप्रणाली तयार केली आहे. तिच्यात आपल्या भाषांची सोय आहे आणि ती मोफत मिळते.

आणि एक विनंती. 'जुनी विंडोज टाकून देतो' म्हणून कोणी चोरीची प्रत आणली, तर घेऊ नका. तिच्याबरोबर काय काय आत शिरेल, ते सांगता येत नाही. शिवाय कॉम्प्युटर भंगारात द्यायचाच असेल, तर आधी त्याच्या डिस्कमध्ये काय आहे ते बघा. लोखंडाची किंमत भंगारवाला देईल, आजोबांच्या आठवणींची नाही.

करून पाहा

मुलांनो, या रविवारी घरात शोधमोहीम काढा. कपाटं, ट्रंका, माळा बघा. जुनी फ्लॉपी, सी.डी., पेनड्राइव्ह, जे सापडेल ते एका डब्यात गोळा करा. वहीत तक्ता आखा. वस्तू कोणती, वर काय लिहिलंय, कोणाची आहे, कोणत्या वर्षाची असेल? आई-बाबांना, आजी-आजोबांना विचारून रकाने भरा. जवळच्या टायपिंगच्या दुकानात जाऊन काकांना नम्रपणे विचारा, "काका, तुमच्याकडे जुन्या फाँटमधलं काही आहे का? कोणता फाँट आहे?" मोठ्यांच्या मदतीने त्यातली एक, फक्त एक फाइल युनिकोडमध्ये आणा. अर्धं पान असलं तरी चालेल.

मग ते अर्धं पान ज्यांनी लिहिलं होतं, त्यांच्या मोबाइलवर पाठवा. ते हयात नसतील, तर त्यांच्या घरी पाठवा. आणि सोबत आपलं नाव, इयत्ता लिहायला विसरू नका!